लाल दिवा, खोटा कस्टमर केअर आणि दहा रुपये

फायबरच्या राउटरवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश राउटरपर्यंत नीट पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. वायर कुठेतरी दुमडली असेल, कनेक्टर सैल झाला असेल, खांबावर जोड उघडा पडला असेल. हे काम हाताने करायचं. फोनवरून, मोबाइलवर कुठलंही ॲप टाकून ते होत नाही. हे एवढं वाक्य आपापल्या आईवडिलांना आजच सांगा, मग पुढचं वाचा.

आमचं घर चिपळूणला, मी पुण्यात. पावसाळा सुरू झाला आणि घरचं नेट दिवसातून कितीदा तरी जायला-यायला लागलं. फोनवरून जेवढं बघता येतं तेवढं मी बघत होते. बाबांना लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायला लावून आधी 192.168.1.1 ला पिंग करायला, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायला, सांगितलं. हा राउटरचा घरातला पत्ता. तिथून उत्तर नीट येत असेल तर घरातलं वायफाय ठीक आहे. मग 8.8.8.8, हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. इथे मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही, असं येत होतं. म्हणजे दोष राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये. कंपनीकडे तक्रार नोंदवायला सांगितली आणि मी कामाला लागले.

बाबांनी बिल शोधलं नाही, गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर चिपळूण’ असं टाकलं. वरच नंबर आला, मोबाइलचा. नकाशावर दुकानासारखी नोंद, कंपनीचा लोगो, खाली चार-पाच तारे. अशा नोंदी कुणीही टाकू शकतं, असलेल्या नोंदीतला नंबर बदलायचाही प्रयत्न करू शकतं, हे सत्तरीच्या माणसाला कोण सांगणार?

पलीकडचा मुलगा मराठीत बोलला. काका-काका करत. त्याने विचारलेले पहिले प्रश्न अगदी बरोबर होते, मी विचारले तेच: कुठला दिवा लाल आहे, रीस्टार्ट केलात का, किती दिवस होतंय. माझ्या मते फसवणुकीचं मर्म इथेच आहे. लांबून राउटर दुरुस्त करणारा खरा माणूस आणि हा भामटा, पहिली दहा मिनिटं दोघं सारखंच वागतात. हे दाबा, ते वाचून दाखवा, आता थांबा. लांब राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना अशा सूचना पाळायची सवयच झालेली असते. चोराला नवीन काही शिकवावं लागत नाही.

मग त्याने लॅपटॉपवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला लावलं. तिथे चुकांच्या लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण ओळीने दिसतात. विंडोजच्या कुठल्याही धडधाकट मशीनवर ते दिसतात, तुमच्याही दिसतील. बाबांना सांगितलं, “काका, राउटरमधून हॅकर शिरलाय, म्हणून तुमची लाइन आम्ही वरून तोडतोय.” घाबरवून झाल्यावर उपाय: नेट धड चालत नाही, तेव्हा मोबाइलच्या डेटावर ‘एनीडेस्क’ घ्या, त्यात आलेला आकडा सांगा, ‘अलाउ’ दाबा. या ॲपमधून आपला स्क्रीन लांबच्या माणसाला दिसतो. याच ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲप स्वतः वाईट नाही, आमच्या ऑफिसात रोज वापरतात. पण अनोळखी माणसाला तो आकडा देणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या.

शेवटी ‘लाइन पुन्हा सुरू करायचे’ दहा रुपये. लिंक आली, त्यात कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. ओटीपी बाबांनी कुणालाही सांगितला नाही, हे ते आजही ठासून सांगतात आणि ते खरंच आहे. सांगायची गरजच नव्हती. मेसेज स्क्रीनवर झळकला, पलीकडच्याने वाचला. 49,000 गेले, लगेच आणखी 38,000.

आईने दुसरा मेसेज बघून मला फोन केला. मी आधी त्यांना मोबाइलचा डेटा बंद करायला लावला, मग बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग 1930. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, ते आधी हेच विचारतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवली. दुसरी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली, पहिली तिथून निघून गेली होती.

बँकेचं उत्तर कोरडं होतं: ओटीपी बरोबर पडलाय, व्यवहार वैध. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, माहिती ग्राहकाच्या हलगर्जीने बाहेर गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. स्क्रीन दाखवणं म्हणजे ओटीपी देणं का, यावर आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. पण बँकेला फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, भांडण सगळं त्या वेळेवर येऊन ठेपतं.

नेटचं विचाराल, तर कंपनीचा खरा माणूस आला आणि त्याने मीटर लावला. प्रकाशाची पातळी -27 डीबीएमच्या (हे प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) खाली गेली की राउटर धड टिकत नाही. आमची तिच्याही खाली होती. पिवळी वायर मागच्या खिडकीच्या झडपेत चेपली होती. त्याने ती कापून नवा कनेक्टर लावला.

आणि हो, महिन्याभराने बाबांना पुन्हा फोन आला. या वेळी ‘सायबर विभागातून’. तुमचे 49,000 परत मिळतायत, फक्त पडताळणीसाठी एक ॲप घ्यावं लागेल, काका. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, तेव्हा हाही फोन येणार हे धरूनच चाला.