दाजीपूरला जायचं तर गेट उघडायच्या वेळी

कोल्हापुरातून दाजीपूरचं गव्यांचं जंगल साधारण ८० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तास. मिसळ हाणून नवाला निघालेली गाडी पोचते तोवर गवे चरून गर्द सावलीत रवंथ करत बसलेले असतात. मग ‘काही दिसलंच नाही’ ही ठरलेली तक्रार! आदल्या रात्री राधानगरीत किंवा दाजीपुरात मुक्काम करावा आणि गेट उघडताच आत शिरावं.

१९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. आतला रस्ता जांभ्या दगडाचा, चढउताराचा. बुटक्या गाडीचं पोट हमखास घासतं. स्थानिक जीप आणि सोबत वाटाड्या घेतलेला बरा. पैसे वसूल होतात ते वाटाड्याच्या नजरेमुळे.

नजर ठेवायची सड्यांच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारांच्या कडेला. सड्यावर कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यामुळे झाडं नाहीत, गवत आहे. त्या गवतासाठीच गवे रानातून बाहेर येतात. सावराई सडा म्हणूनच चुकवू नये. काळाकुळकुळीत तो मोठा नर, तपकिरी ती मादी. शिंगं दोघांनाही असतात, त्यावरून ओळखायला गेलं की फसगत. गुडघ्याखालचे पांढरे मोजे मात्र दोघांच्याही पायांत. गव्याचं नाक तिखट. अत्तर मारून आणि वारा पाठीशी घेऊन गेलात तर आधी त्यालाच तुमचा पत्ता लागतो. एकटा नर अंग आडवं धरून ताठ उभा राहिला, तर तो फोटोसाठी नव्हे; आकार दाखवून दम भरतोय. अशा वेळी खाली उतरू नये, हॉर्न तर नाहीच. जीप सावकाश मागे घ्यावी.

शेकरू बघायचं तर मान वर. फांदीवरून खाली लोंबणारी झुपकेदार शेपटी आधी दिसते. एकच शेकरू काटक्यापानांची अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणून तिथंच ताटकळू नये. वाघाच्या आशेने येणाऱ्यांनी बेत बदलावा. रानात लावलेल्या कॅमेऱ्यात सापडणं वेगळं, जीपमधून दिसणं वेगळं.

पावसाळ्यात प्रवेश बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान हिरवंगार, पण उंच गवतात गवाही लपतो; पाऊस लांबला तर जळवा आहेतच. दर्शनाची खात्री फेब्रुवारीपासून वाढते, कारण पाणवठे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. शनिवार-रविवार टाळावा. गाडीची टाकी आणि पाण्याच्या बाटल्या राधानगरीतच भरून घ्याव्यात.