दुर्लक्षित पिकाचा वाण सुधारायचाय? पद्धत निवडण्याआधी हे पाहा

टेफ (इथिओपियातील बारीक दाण्याचे तृणधान्य), लाखोळी (लाखेची डाळ), राजगिरा, कसावा (साबुदाण्याचे कंद) यांसारखी पिके कोट्यवधी लोकांचे पोट भरतात. तरी गहू-मक्याच्या तुलनेत त्यांच्या वाट्याला संशोधनाचा पैसा फार थोडा येतो. नवा वाण तयार व्हायला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे छोट्या संस्थेची पद्धत चुकली तर पुन्हा सुरुवात करण्याची ताकद उरत नाही. माझे मत आधीच सांगतो: तंत्र किती नवे आहे ते नंतर पाहा. हवा असलेला गुण त्या पिकाच्या देशी वाणांत कुठे आहे का, हे आधी शोधा.

गुण सापडला, तर निवड आणि संकर या जुन्या वाटा सर्वांत भरवशाच्या. बाजरीचा ‘धनशक्ती’ हा जास्त लोह असलेला वाण आयसीटीपी ८२०३ या जुन्याच वाणातून निवड करत काढला. जास्त लोह त्या वाणाच्या काही झाडांत आधीपासून होतेच, ती झाडे तेवढी वेचायची होती.

संकराला मेहनत जास्त. इथिओपियाच्या टेफची फुले इतकी बारीक, की बराच काळ त्यात संकर करताच येत नव्हता. ती भल्या पहाटेनंतर थोडाच वेळ उमलतात, हे तारेके बेर्हे यांनी १९७० च्या दशकात शोधले आणि मग वाट मोकळी झाली. २००६ मध्ये ‘क्वुंचो’ हा वाण आला. त्याच्या एका पालक वाणाचे दाणे पांढरेशुभ्र, पण उतारा कमी. दुसऱ्याचा उतारा चांगला, पण दाण्याच्या रंगामुळे बाजारात मागणी कमी. दोन्ही गुण एकत्र आले म्हणून शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. दाण्याचा रंग इतका महत्त्वाचा आहे, हे प्रयोगशाळेत बसून कळले नसते. म्हणून शेतकऱ्यांना चाचणीच्या पहिल्या हंगामापासून सोबत घ्या, शेवटी फक्त पसंती विचारायला जाऊ नका.

मार्करच्या, म्हणजे हवे ते जनुक झाडात आहे का हे दाखवणाऱ्या डीएनएतील खुणेच्या साहाय्याने निवड केली तर याच कामाचा वेग वाढतो. एचएचबी ६७ हा लवकर तयार होणारा बाजरीचा संकरित वाण केवडा रोगाला बळी पडू लागला, तेव्हा मार्करच्या मदतीने त्याच्या पालक वाणांत रोगप्रतिकारक जनुके आणली आणि २००५ मध्ये सुधारित वाण प्रसारित झाला. गुण मोजक्या जनुकांवर अवलंबून असेल तर ही पद्धत उत्तम. उत्पादन किंवा दुष्काळ सहन करण्याची क्षमता अशा गुणांमागे मात्र शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो, तिथे चार-दोन मार्कर पुरत नाहीत. कसाव्यात संपूर्ण जनुकसंचावरून अंदाज बांधून निवड करतात. पण त्यासाठी आधी मोठ्या संख्येने झाडांची नीट मोजमापे हवीत.

देशी वाणांत गुण सापडलाच नाही, तर उत्परिवर्तन. बियाण्यावर गॅमा किरणांचा किंवा रसायनाचा मारा करून नवे बदल घडवायचे. पेरू देशातील ला मोलिना विद्यापीठाने या वाटेने अँडीज पर्वतरांगांतील शेतकऱ्यांसाठी बार्ली आणि राजगिऱ्याचे वाण दिले. जनुक कोणते हे माहीत नसले तरी चालते आणि बहुतेक देशांत वेगळी परवानगी लागत नाही. मात्र दुसऱ्या पिढीत हजारो झाडे डोळ्यांखालून घालावी लागतात. टेफसारख्या चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) पिकात एका प्रतीतला बदल दुसरी प्रत झाकून टाकते, हीही अडचण.

जनुक संपादन, म्हणजे झाडाच्या डीएनएत ठरवलेल्या जागीच बदल करणे, हे तंत्र नेमके आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत ग्राउंडचेरी या रानटी वळणाच्या फळझाडाची वाढ आणि फळाचा आकार या तंत्राने बदलून दाखवला. पण ते झाड टोमॅटोच्या कुळातले, म्हणून कोणत्या जनुकाला हात लावायचा हे ठाऊक होते. बहुतेक दुर्लक्षित पिकांत जनुकांची तेवढी ओळख नाही, शिवाय ऊतीसंवर्धनातून (प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून) पूर्ण झाड उभे करण्याची पद्धतही बसलेली नाही. ती बसवण्यातच काही वर्षे जातात. कायदाही देशागणिक वेगळा. भारताने २०२२ मध्ये परके डीएनए नसलेल्या संपादित वनस्पतींना जैवसुरक्षेच्या काही नियमांतून सूट दिली. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये संपादित वनस्पती जनुकांतरित (जीएम) पिकांच्याच नियमांत धरल्या.

बावीस तास प्रकाश देऊन वर्षात अनेक पिढ्या काढणारी ‘स्पीड ब्रीडिंग’ ही वरीलपैकी कोणत्याही पद्धतीला जोडता येते. मात्र राजगिऱ्यासारख्या लहान दिवसात फुलणाऱ्या पिकाला प्रकाशाचे वेळापत्रक वेगळे लागते.

माझ्या मते खरी कसोटी लाखोळीची. पाऊस दगा देतो तेव्हाही ती उभी राहते, म्हणून टंचाईत लोक तिच्यावरच जगतात. आणि महिनोन्महिने तीच खाल्ली, तर तिच्यातील ओडॅप या विषामुळे पायांना कायमचा लकवा होऊ शकतो. हजारो नमुने तपासूनही पूर्ण विषमुक्त लाखोळी मिळालेली नाही. निवड, संकर आणि ऊतीसंवर्धनातून कमी विषाचे वाण आले, पण शून्यापर्यंत कोणी पोहोचले नाही. इथे उत्परिवर्तन आणि संपादनावर खर्च करणे मला योग्य वाटते. तोवर कमी विषाचे वाण वापरायचेच, पण पाण्याचा ताण पडला की दाण्यातले ओडॅप वाढते. म्हणून भिजवलेल्या शेतातील आकड्यावर विसंबून कोणताही वाण शिफारशीला पाठवू नका. कोरड्या, ताण बसलेल्या शेतात वेगवेगळ्या हंगामांत दाणे तपासा, मगच निर्णय घ्या.