230 पानं, 27 हजारांत: भुसावळच्या वरण-बट्टीवाल्या आप्पांबद्दल

केटरर लावू की आचारी, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते. माणसं दोनशेच्या आसपास असतील, पाहुणे बहुतेक आपल्या खान्देशातले असतील आणि घरात वाढायला धावणारी आठ-दहा पोरं असतील, तर आचारी लावा. भुसावळ-यावल-फैजपूर पट्ट्यात असाल तर आम्ही लावले तेच आप्पा लावा. वाढायला घरची पोरं नसतील तर मात्र सरळ केटररकडे जा, कारण आप्पा फक्त रांधतात, वाढत नाहीत.

निमित्त होतं मावंद्याचं. सासू-सासरे काशीला जाऊन आले, आणि गंगापूजन करून चार माणसांना जेवू घातल्याशिवाय काशी पदरात पडत नाही असं आमच्या नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, ठाम मत. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. खर्च पेन्शनीतूनच करायचा, पोरांकडून एक रुपया घ्यायचा नाही, हेही तितकंच ठाम. जेवणाला 30 हजार, त्यावर नाही. ‘चार माणसं’ मोजत गेलो तर 200 झाली.

केटररचे दर काढले. 240 ते 280 रुपये ताट, किमान 200 ताटं. त्यात पनीर, मिक्स व्हेज, दोन गोड, पापड, सॅलड आणि एका महाभागाच्या यादीत चक्क मंचुरियन. गंगापूजनाला मंचुरियन! ते जाऊ द्या. ताटाचा दर चढतो पदार्थांच्या संख्येवर आणि जेवणाऱ्याचं पोट भरतं दोन पदार्थांवर, उरलेलं पत्रावळीच्या कडेला पडून राहतं. दर कमी करा म्हणून तासभर घासाघीस करा, ताटामागे 10-15 रुपये सुटतात. पाच पदार्थ कमी करा, निम्मा खर्च उतरतो. पण पदार्थ कमी केले तर पाहुण्यांना उणं वाटू नये, ही खरी अडचण. आमच्याकडे त्यावर वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी हा उतारा पिढ्यान्‌पिढ्या आहे. हे जेवण वाढलं की कुणी ‘बाकी काय आहे?’ असं विचारत नाही. डिसेंबर असेल तर विचारूच नका, वांगी चांगलीही असतात आणि स्वस्तही.

आप्पांनी मजुरी सांगितली 9,000, त्यात त्यांचे दोन माणसं आणि भाजी चिरायला, पीठ मळायला दोन बाया. किराणा आपला, भांडी आणि गॅस आपला. किराण्याची यादी त्यांनी तोंडी सांगितली आणि मी लिहून घेतली, कारण आप्पा काही लिहीत नाहीत. गहू 26 किलो, त्यात मका 6 किलो, एकत्र जाडसर दळून आणायचं. तूरडाळ 11 किलो. हिरवी वांगी 30 किलो. तेलाचा एक डबा. तूप 5 किलो. यापुढे लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे, सुकं खोबरं, ओवा, हळद. गोडाला बुंदी, प्यायला मठ्ठा.

तूप बघून मी म्हटलं, “आप्पा, तीन किलोत नाही भागणार?” साजूक तूप 600 रुपये किलो, सगळ्या यादीत तेच महाग. ते म्हणाले, “वहिनी, गोड कमी करा, भाजीत खोबरं कमी टाका, तुपाला हात नका लावू. तूप कमी पडलं तं दहा वर्षं लोकं तेच सांगतीन.” मग बुंदी माणशी एक मूठ ठेवली आणि तूप पाच किलोच आणलं. या माणसाला कुठे वाचवायचं हे कळतंच, कुठे वाचवायचं नाही हेही पक्कं कळतं, म्हणून हा अभिप्राय लिहायला बसले.

कामाची पद्धत सांगते, कारण पैसे तिथेच वाचतात. आप्पा आदल्या संध्याकाळी आले. पिठात हळद, ओवा, मीठ, गरम तेलाचं मोहन घालून घट्ट मळलं, मुठीएवढे गोळे केले आणि मोठ्या पातेल्यांत वाफवायला लावले. गोळ्यात काडी खुपसायची, कोरडी निघाली की उतरवायचं. रात्रभर ते गोळे स्वच्छ धोतरावर पसरून ठेवले. गरम असताना कापले तर भुगा होतो, गार झाले की सुरी सरळ जाते. सकाळी फक्त फोडी करायच्या आणि तळायच्या. त्यामुळे सकाळची दोन जास्तीची माणसं वाचली, आणि पंगत बसायच्या वेळी कढईतून उतरलेली गरम, वरून खुसखुशीत बट्टी पानात पडली. एक-दोन घाण्यांनंतर आप्पा एक फोड उचलून बोटांनी दाबायचे. कुरकुरली की ठीक, मऊ लागली की आच वाढवायचे. चव घेताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

भाजी मात्र ते स्वतः घोटतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. वांगी शिजत आली की लांब दांड्याची लाकडी रवी घेऊन कढईच्या कडेकडेने फिरवत राहतात. वांगं दिसायला नको पण लापशीही व्हायला नको. वाटलेली मिरची-लसूण आणि शेंगदाण्याचा कूट त्यात उतरतो तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत वास गेला होता. आमच्या शेजारच्या काकू निमंत्रण दुपारी बाराचं असताना साडेदहालाच येऊन बसल्या.

वाढायचे नियमही आप्पांचे. पोरांना ओळीत उभं करून सांगितलं: पहिल्यांदा बट्टीच्या दोनच फोडी, तिसरी विचारून. वरण पहिल्या पंगतीला घट्ट. बुंदी शेवटी नाही, सुरुवातीलाच, म्हणजे कुणी पुन्हा मागत नाही. तुपाची तपेली घरच्याच माणसाच्या हातात द्यायची, भाड्याच्या वाढप्याच्या नाही. भाड्याचा माणूस तूप एक तर सांडतो नाही तर हात आखडतो. आमच्याकडे तपेली मोठ्या नणंदेने घेतली, आणि “घ्या हो, नाना काशी करून आले” म्हणत ती पंगतीत अशी फिरली की तूप कमी आहे असं कुणाच्या मनातही आलं नसेल. तरी शेवटी पाव किलो उरलं.

तिसरी पंगत बसली तेव्हा कळलं की आकडा 230 वर जाणार. नानांच्या ऑफिसातली जुनी मंडळी बायका-मुलांसह आली होती. बट्टी नव्याने करायची तर वाफवण्यातच तास जातो. आप्पांनी न बोलता तांदूळ मागितला, 4 किलो भात टाकला, वरणात उकळतं पाणी आणि वरून लसणाची फोडणी घातली. शेवटच्या पंगतीला बट्टीची एक-एक फोड आणि पुढे भात-वरण. “पुरीन ना वहिनी, काय काळजी करू राहिल्या,” एवढंच म्हणाले. पुरलं.

आता तक्रारी. किराण्याची यादी थोडी फुगवलेली असते. आमच्याकडे दोन किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो मिरची उरली. घरात वापरात येतं हे खरं, पण हिशेब करताना धरून चाला. बुंदीत त्यांना खायचा रंग हवाच असतो. मी नको म्हटलं तर “पिवळी दिसत नाही मग” म्हणून कुरकुरले आणि तरी चिमूटभर टाकलाच, हे मला आवडलं नाही. पाच-सहा पाहुणे कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं छोटं पातेलं काढायला सांगितलं तेव्हाही तोंड वाकडं केलं, पण भाजी चांगली दिली. त्यांची माणसं काम संपलं की पसार होतात. मोठी कढई न घासताच गेली, आणि मंडपवाल्याने डिपॉझिटमधून 150 रुपये कापून घेतले. हे आधीच बोलून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी ‘स्वस्तात झालं’ सांगणारे सहसा सांगत नाहीत. आप्पांच्या बायांनी चिरलं-मळलं, पण लसूण आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत सोलला तो मी आणि माझ्या जावेने. किराणा आणणं, दळण, पाण्याचे जार, पत्रावळी, उष्टी काढणं, या सगळ्याची मजुरी हिशेबात कुठेच नाही. केटररच्या 250 मध्ये ती असते. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून हसण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. आमच्या घरात विचारलं होतं, आम्ही हो म्हटलं होतं, पुढच्या वेळी लसूण सोललेला विकत आणायचा असंही ठरलं आहे.

हिशेब असा: मजुरी 9,000, तूप 3,000, तेलाचा डबा 2,300, गॅस 1,800, भांड्यांचं भाडं 1,800, डाळ 1,500 च्या थोडी वर, बाकी धान्य, वांगी, मसाला, बुंदी, मठ्ठा, पाणी, पत्रावळी धरून सगळे मिळून 27 हजार. जेवले 230, म्हणजे माणशी 117 रुपयांच्या आसपास. मंडप यात नाही, मंडप गल्लीतच टाकला आणि त्याचे पैसे नानांनी कुणाला कळू न देता वेगळे दिले.

पाचपैकी चार. एक गुण रंग आणि कढई मिळून कापला.

आप्पांचा नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, फोन जास्त आले की त्यांचा मुलगा वैतागतो. भुसावळातल्या मंडपवाल्यांकडे विचारलं की पत्ता मिळतो. इसार 1,000 रुपये, रोख. लग्नसराईत तारीख मिळणं अवघड, आणि पन्नास माणसांसाठी बोलवायला गेलात तर ते येत नाहीत, “एवढ्यासाठी तुम्हीच करून घ्या घरी” म्हणतात.