आरएक्स १०० घेताना रंग सोडा, क्रँक आणि कागद बघा

पुण्यात जुनी यामाहा आरएक्स १०० विकणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतो: "मेड इन जपान आहे." यामाहाची इथली भागीदार एस्कॉर्ट्सने १९८५ च्या अखेरीस ही गाडी आणली तेव्हा सुरुवातीचे संच खरोखरच जपानहून सुट्या भागांत येत आणि इथे जोडले जात. पण उत्पादन १९९६ पर्यंत चाललं, आणि आज विक्रीला निघणाऱ्या बहुतेक गाड्या नंतरच्या, देशी भागांच्या आहेत. त्यातही तीस-पस्तीस वर्षांत ब्लॉक, सायलेन्सर, कार्ब्युरेटर, मीटर यांतलं मूळचं काय उरलंय हे मालकालाही ठाऊक नसतं. त्यामुळे जपानचा मुद्दा हसून सोडून द्या आणि खाली बसून क्रँककेस, म्हणजे पिस्टनची धाव चाकाकडे फिरवणारा क्रँक ज्यात बसतो ती पेटी, बघायला लागा.

आधी गाडीबद्दल, कारण फक्त शोभेसाठी घेणाऱ्याला पुढचं काही वाचायची गरज नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ही ५०, म्हणजे ९८ सीसी. रीड व्हॉल्वचं, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी, चार गिअर आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास. या शेवटच्या आकड्यातच सगळी गंमत आहे. जंगली महाराज रस्त्यावर एका सिग्नलहून दुसऱ्यापर्यंत आजही तिच्यासारखी हलकी, चटकन उचलणारी गाडी शोधावी लागेल. याउलट १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक आणि १८ इंची चाकांवर पुढे २.५०, मागे २.७५ चे बारीक टायर आजच्या रहदारीला अपुरे आहेत. ताशी ८० च्या पुढे नेता येते, पण थांबवायचं काम अवघड होतं. शहरात आणि शनिवार-रविवारी घाटात फिरवायला उत्तम. रोज हिंजवडी गाठायला मात्र दुसरी गाडी घ्या.

बघायला जाल तेव्हा मालकाला फोनवरच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला लावा. कोमट लागला तर थंड इंजिनाची किक लपवली आहे असं समजा आणि तासभर चहा प्या. थंड असेल तर चोक ओढून दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी. किकवर पूर्ण वजन टाकल्यावर ती एका ठिकाणी अडून मग हळूहळू खाली गेली पाहिजे. लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली तर रिंगा किंवा बोअर संपलेत. सुरुवातीचा पांढरट धूर ठीक आहे, पण पाच मिनिटांनी तो विरळ व्हायलाच हवा.

धूर तसाच राहिला, आणि त्याला गिअर ऑइलचा जळका वास असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही पंपाचं काम करते. सील फाटलं की ती गिअर ऑइल ओढून जाळते. गिअर ऑइलची पातळी सतत कमी होते आणि खाली गळती मात्र दिसत नाही. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं: बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन गरम झालं की आयडलिंग आपोआप चढतं आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी लवकर खाली येत नाही. धूर नसल्यामुळे गाडी ठणठणीत वाटते. हा दोष पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण अशी गाडी एखाद्या दुपारी चढावर पिस्टन चिकटवते. दोन्ही सिलांची किंमत किरकोळ आहे. मॅग्नेटोकडचं सील मॅग्नेट काढून बदलता येतं आणि क्लचकडच्यासाठी साइड कव्हर उतरवावं लागतं. पण इतकी वर्षं सील बदललंच नसेल तर बेअरिंगही त्याच वयाची असतात.

क्रँक तपासायचा खरा मार्ग हेड-ब्लॉक उतरवणं हाच. मालक तयार असेल तर विचारा, नसेल तर त्याचाही अर्थ लावा. ब्लॉक काढल्यावर पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली आणून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली हलवा. इथे खेळ शून्य हवा. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो ते चालतं, त्यावरून घाबरवणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करा. पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा ठोकलेला असतो. तो बोअर किती वेळा मारला, म्हणजे सिलिंडर घासून किती मोठा केला, ते सांगतो. २५ म्हणजे पाव मिलिमीटर ओव्हरसाइज. १०० दिसलं तर पुढच्या वेळी ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह (आतली नळी) घालावी लागणार, आणि तो खर्च आजच किमतीतून वजा व्हायला हवा. ब्लॉक उतरलाच आहे तर रीड व्हॉल्वही काढून उजेडात धरा. पाकळ्यांची टोकं तुटलेली किंवा पाकळी बैठकीपासून उचललेली असेल तर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उलटं थुंकतं. बरेच जण त्यासाठी उगाच जेट बदलत बसतात.

याच वेळी व्हर्नियरने बोअर मोजा. ओव्हरसाइज धरूनही तो ५१ च्या वर जाता कामा नये. ५८ किंवा त्याहून थोडा जास्त आला तर वर आरएक्स १३५ चा ब्लॉक आहे. तिचाही स्ट्रोक ५० च आहे, फक्त बोअर ५८, म्हणून १३२ सीसी. त्यामुळे हा बदल गल्लीबोळात होतो. त्यासाठी क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं आणि ते पुन्हा लहान होत नाही. गाडी पळते जोरात, यात शंका नाही. पण कागदावर ती ९८ सीसीचीच असते, अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, आणि आरएक्स १०० म्हणून तिची किंमत धरता येत नाही.

ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप जागेवर आहे का ते बघा. मूळ गाडीत टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला असतो. "पंपाचा भरवसा नाही" म्हणून अनेक गॅरेजवाले तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल टाकायला सांगतात. चालतं, पण प्रमाण पाळा: लिटरला २० ते २५ मिलिलिटर, म्हणजे दहा लिटरला २०० ते २५०. "थोडं जास्त टाकू, इंजिन टिकेल" हा हिशोब चुकीचा. जेटमधून तेवढंच द्रव जातं, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं आणि मिश्रण उलट पातळ होतं. शिवाय प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. पंप असलेली पण बरेच महिने उभी राहिलेली गाडी घेतलीत तर नळीतली हवा काढल्याशिवाय चालवू नका, आणि पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिलिलिटर ऑइल घाला.

टाकीत टॉर्च मारा. तळाला लाल गंज असेल तर तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचलाच आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात दोन महिने झाकून ठेवलेल्या टाकीत पाणी तळाला बसतं, आणि जुन्या रबराच्या ओ-रिंग, पेट्रोल कॉकचे वॉशर फुगतात. आठवडाभरापेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे फ्लोट चेंबर रिकामा होतो.

चालवून बघायला कात्रजचा जुना घाट चांगला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा. आवाज वाढतोय पण वेग नाही, म्हणजे क्लच प्लेटा घसरताहेत. ताण दिल्यावर दुसरा गिअर सुटून न्यूट्रल होत असेल तर गिअरचे दात गोल झालेत आणि इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय इलाज नाही. वर पोचल्यावर बंद करून पाच मिनिटांनी किक मारा. थंड असताना लगेच सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर रुसत असेल तर बहुतेक वेळा मॅग्नेटोची कॉइल दमलेली असते. प्लग काढून बघा: चॉकलेटी हवा; पांढरा म्हणजे पातळ मिश्रण, काळा ओला म्हणजे जास्त ऑइल किंवा जास्त पेट्रोल. उतरताना ब्रेक लावल्यावर लिव्हर हातात धडधडलं तर ड्रम अंडाकृती झालाय. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांबवर सोडू नका. पेट्रोलमध्ये ऑइल घालणाऱ्या गाडीत पेट्रोल थांबलं की पिस्टनचं ऑइलही थांबतं. मधूनमधून क्लच दाबून एकदा उघडझाप करायची, ही सवय ताम्हिणीत पिस्टन वाचवते.

आता कागद, कारण पुण्यात सौदे इथे फसतात. चेसीस नंबर हँडलखालच्या गळ्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आलेला ठसा आरसी बुकाशी अक्षर अक्षर जुळवा. अंकांची खोली कमी-जास्त, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा रंगाचा जाड थर दिसला तर गाडी कितीही देखणी असली तरी निघा. एमएच-१२ च्या आधीचे, 'एम' ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर अजून चालतात आणि शौकीन त्यासाठी जादा पैसेही देतात. पण हाताने लिहिलेल्या त्या बुकातली नोंद सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढली आहे का ते ऑनलाइन बघा. चढली नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद संगणकात चढवणं), मग बाकी सगळं. संगम पुलाजवळच्या आरटीओच्या खेपा मोजूनच किंमत बोला.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी लागते, लोकांच्या भाषेत री-पासिंग. त्याचा अर्ज फॉर्म २५ वर. २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीचं शुल्क २,००० रुपये आहे, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशिरासाठी नियमात दरमहा ३०० रुपयांची तरतूद आहे. म्हणजे पाच वर्षं पासिंग संपलेली गाडी कागदोपत्री १८,००० रुपयांचा बोजा घेऊन येते. हा हिशोब विक्रेता कधीच सांगत नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर आधी फॉर्म २८ ची एनओसी, आणि मूळ मालक हयात नसेल तर वारसांचे कागद व फॉर्म ३१. 'सही केलेले कोरे फॉर्म देतो' म्हणणारा स्वतः मालक नसतो, एवढं नक्की. नव्या उच्चसुरक्षा नंबरप्लेटचे दुचाकीला करासह ५३१ रुपये धरा. पीयूसीत मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत सूट आहे. नीट बसलेली आरएक्स १०० पास होते. नापास झाली तर ऑइल प्रमाणापेक्षा जास्त पडतंय का बघा, इंजिन गरम करून न्या.

आणि हो, 'व्हिंटेज नोंदणी करून देतो' या आमिषाला भुलू नका. तो नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे आणि त्या रोज रस्त्यावर चालवता येत नाहीत.

किमतीची पद्धत अशी. चांगल्या कागदांची, मूळ ब्लॉकची, पासिंग चालू असलेली गाडी लाखाच्या घरात मागितली जाते. तिथून खाली उतरत या. समजा मालक ९५,००० म्हणतो. लेथवाल्याने क्रँक काम ८,००० सांगितलं, बोअर-पिस्टन ५,०००, टाकी-कार्ब्युरेटर ४,००० आणि उशिराचा दंड १८,०००. तर बोली ६०,००० पासून सुरू व्हायला हवी. नवा रंग, क्रोम आणि स्टिकरला शून्य द्या. उलट ताजा रंग बघितला की गळ्याचा आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) जोडाचा वेल्डिंगचा डाग शोधायला लागा. सुटे भाग नाना पेठेत मिळतात, पण बहुतेक नव्याने बनवलेले. जुन्या साठ्यातला पेटीपॅक भाग सापडला तर तिथल्या तिथे घ्या, रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात साइड पॅनल-मीटर सापडतात, नशीब जोरात असेल तर.

बाकीच्या जपानी गाड्या थोडक्यात. बजाज-कावासाकी केबी १०० स्वस्तात मिळते. तिच्यात रीड नाही, रोटरी डिस्क आहे, आणि ती समजणारा मेकॅनिक आधी शोधा, मग गाडी. इंड-सुझुकी एएक्स १०० साधी आणि इमानदार, भाग मात्र दुर्मीळ. हिरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक असल्याने रोजच्यासाठी सर्वांत शहाणपणाची, आणि म्हणूनच तिची कुणी आठवण काढत नाही. राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०, वेगळंच प्रकरण: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, एचटी (हाय टॉर्क) आवृत्ती सुमारे ३० बीएचपीची आणि पुढेही ड्रम ब्रेक. तिचा क्रँक दाबून बसवलेला, मध्ये दोन सिलिंडरांच्या क्रँककेस वेगळ्या ठेवणारं लॅबिरिंथ सील. तो उघडायला प्रेस आणि नेमका माणूस लागतो. दोन प्लॅटिनम पॉइंट वेगवेगळे लावावे लागतात आणि एक जरी चुकला तरी त्या बाजूचा पिस्टन भाजतो. पहिली जुनी गाडी म्हणून ती घेऊ नका.

आरएक्स १०० चा सौदा ठरलाच तर पैसे देण्याआधी एक विचारा: मूळ सायलेन्सर कुठे आहे? बहुतेक मालकांनी तो काढून आवाजाचा पाइप लावलेला असतो आणि जुना माळ्यावर पोत्यात पडलेला असतो. तो आणि साइड पॅनलचे बिल्ले सौद्यात धरून मागा. आत्ता फुकट मिळतात, नंतर वेगळे पैसे पडतात.