डिचोलीजवळच्या तबेल्यातून घेतलेली घोडी

लेकीसाठी घोडी घेतली, त्याला पाच महिने झाले. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी दत्तजयंतीपर्यंत थांबायचं, वर तिथून ट्रकचं भाडं. म्हणून जुलैत डिचोलीजवळच्या एका तबेल्यात गेलो.

मालकाने स्वतःच ओठ वर करून दात दाखवले. कडेचे पक्के दात पूर्ण आलेले, म्हणजे ५ वर्षं पुरी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी, अस्सल काठियावाडी. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा कागद मागितला, लगेच हातात दिला. लेकीला तीनदा बसून बघू दिलं, एकदा तर भर पावसात. एवढा धीर धरणारा विकणारा मी दुसरा पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र राग आणणारी. खुरांना तेल लावून चकचकीत केलं होतं. घरी मागचा डावा खूर उचलून खरवडला, तर तळव्याच्या खाचेत काळी घाण आणि कुजका वास. आपल्या पावसात, ओल्या जमिनीवर जनावराला हे होतं, मान्य. पण सांगायला नको? नालबंद, औषध, रोज कोरडा पेंढा, महिना गेला. फोनवर सुनावलं, तेव्हा नालबंदाचे पैसे त्याने मुकाट्याने परत केले.

घोडी गुणाची आहे. लेकीची चाहूल लागली की खिंकाळते.