गोव्यातून बोरिवलीचा प्राणी दत्तक घ्यायचा तर वाघाटी घ्या

मुंबईत बोरिवलीला असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची प्राणी दत्तक योजना चांगली आहे. पण दत्तक हा शब्द फसवा आहे. प्राणी तुमचा होत नाही, घरी येत नाही, त्याला हात लावायला मिळत नाही. एका वर्षाच्या जेवणखाणाचा वाटा तुम्ही उचलता आणि पिंजऱ्यापाशी तुमच्या नावाची पाटी लागते. हे आधी घरच्यांना, विशेषतः मुलांना, नीट सांगा.

गेल्या काही वर्षांत जाहीर झालेले दर असे: वाघ 3,10,000 रुपये, सिंह 3,00,000, बिबट्या 1,20,000, वाघाटी (एक छोटं रानमांजर) 50,000, नीलगाय 30,000, चितळ 20,000, भेकर 10,000. पैसे भरण्याआधी चालू वर्षाचा दर कार्यालयातून लेखी मागवा.

वाघाचा आकडा मोठा वाटतो, म्हणून हिशोब मांडून बघा. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला साधारण आठ-दहा किलो मांस लागतं आणि आठवड्यातून एक दिवस उपास असतो. उपासाचे दिवस वगळले तर तुमच्या तीन लाख दहा हजारांतून दिवसाला हजारभर रुपये येतात. मांसाच्या बाजारभावाने एवढ्यात पोटभर जेवणही निघत नाही. राखणदाराचा पगार, जंतांचं औषध, रक्ततपासणी तर दूरच. 2020 च्या अखेरीस कर्नाटक विधानसभेत गोहत्याबंदीचं विधेयक मंजूर झालं तेव्हा गोव्याच्या बाजारात गोमांसाची कशी टंचाई झाली, ते आठवा. पुरवठा अडला की मांसाहारी प्राण्यांचा खर्च सगळ्यात आधी वाढतो. शिवाय वाघाला पालक मिळतात, कारण फोटो छान येतो.

वाघाटीला तितके सहज मिळतीलच असं नाही. आमच्या मते या यादीतली सगळ्यात योग्य निवड तीच आहे. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, वजन जेमतेम एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या मांजरीपेक्षाही लहान. राखाडी अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर डोळ्यांमधून वर चढणाऱ्या पांढऱ्या रेघा. रात्री फिरणारी, म्हणून दिवसा पाहुण्यांना दिसेलच असं नाही. तिचं जेवण थोडंसं, पण नाजूक. रानात ती उंदीर, बेडूक, पाखरं हाडांसकट खाते; पिंजऱ्यात नुसतं मऊ मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात, पिल्लांचे पाय वाकतात. म्हणून पैसे भरताना विचारा: तिला अख्खं भक्ष्य देता का? आडोसा, चढायला फांदी, दिवसा लपायला जागा आहे का? या उद्यानात वाघाटीच्या प्रजननाचं काम झालेलं आहे, त्यामुळे तुमचे 50,000 निव्वळ पाटीपुरते राहत नाहीत. चितळाबद्दल तसं म्हणवत नाही. बंदिस्त चितळं सहज वाढतात, त्यांचा प्रश्न चाऱ्याचा असतो, टिकण्याचा नसतो. बजेट 10,000 चं असेल तर भेकर घ्या, त्यात वाईट काही नाही.

बिबट्याचं वेगळं. माणसांशी संघर्ष झाल्यावर पकडलेले, जखमी झालेले, आईपासून तुटलेले बिबटे इथे आयुष्य काढतात. ते परत रानात जात नाहीत. त्यांचा खर्च म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्यासारखाच, आणि तो कुणीतरी द्यायलाच हवा.

अडचणी ठरलेल्या आहेत. प्राणी वर्षाच्या मध्यात मेला तर उरलेली रक्कम दुसऱ्या प्राण्याकडे वळते का, हे आधीच लिहून घ्या. एकाच प्राण्याला दोन पालक आहेत का, तेही विचारा. पाटीवरचं नाव देवनागरीत स्वतः लिहून द्या, नाहीतर कामत-नायकांची आडनावंसुद्धा चुकतात. रोखीने 2,000 च्या वर दिलं तर देणगीवरची आयकरातली सूट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळीच नाही. तेव्हा बँकेतून पाठवा आणि प्रमाणपत्र मागून घ्या. भेटीला गेल्यावर बिस्किटं टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38जे खाली प्राणिसंग्रहालयात खाऊ घालणं, डिवचणं गुन्हा आहे, पालकालासुद्धा.

भेट सोपी झाली आहे. मडगाव-वांद्रे टर्मिनस गाडी 2024 पासून बोरिवलीला थांबते. उद्यान सोमवारी बंद असतं.

गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयासाठी द्यायचं असेल तर पैसे थेट वन खात्याच्या कार्यालयात बोलून, खात्याच्या नावाची पावती घेऊनच द्या. मोबाईलवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर टाकू नका. कार्यालयात जायचं तर गुरुवार टाळा, तेव्हा बोंडला बंद असतो.

आणि एक गोष्ट दत्तक योजनेकडून मागू नका. जानेवारी 2020 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ विषबाधेने मेले. तिथे खरा प्रश्न वाघाने मारलेल्या गुरांची भरपाई धनगरांना वेळेवर मिळण्याचा आहे. तो बोरिवलीच्या पिंजऱ्यातल्या वाघाला जेवू घालून सुटत नाही. गोव्याचा वाघ वाचावा म्हणून पैसे बाजूला काढले असतील तर ते सत्तरीतल्या गुरं राखणाऱ्यांसोबत काम करणाऱ्यांकडे जाऊ द्या, आणि वाघाटीसाठी वेगळे ठेवा.