टर्बो-हायड्रामॅटिक ३५० साठी ३०० पीएसआयचा प्रेशर गेज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गिअर घसरतोय म्हटलं की बहुतेक जण थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतात. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो असलेल्या सत्तरच्या दशकातल्या शेवरले सी-१० पिकअपवर त्याच्या ऑइलचं प्रेशर मोजणारा हा गेज आठ महिने वापरल्यावर ठामपणे सांगतो : आधी प्रेशर मोजा, मगच पान्याला हात लावा.

गेज ३०० पीएसआयचाच (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड) घ्या. रिव्हर्समध्ये लाइन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारं ऑइलचं मुख्य प्रेशर, दोनशेच्या पुढे जातं, तिथे १५० चा गेज कामातून जातो. सोबत सहा फुटी होज आहे, त्यामुळे काटा केबिनमध्ये बसून वाचता येतो. १/८ इंची एनपीटी (पाइपच्या चुडीचं अमेरिकन माप) अ‍ॅडॉप्टर मात्र जपून आवळा. चुडी निमुळती आणि गिअरबॉक्सची केस (बाहेरचं कवच) अ‍ॅल्युमिनियमची. जोर जास्त झाला तर केसला तडा जातो.

गेज लावण्याआधी ऑइल बघा. गाडी गरम, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये, मग डिपस्टिक. थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर असेल तर ठीक. काळपट असून जळका वास येत असेल तर क्लच प्लेटा जळल्या आहेत.

नंतर व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमनुसार ऑइलचं प्रेशर कमी-जास्त करणारा छोटा पार्ट. याची रबरी नळी काढून आत बघा. ऑइल दिसलं तर डायाफ्राम फाटलाय. इंजिन ते ऑइल ओढून घेतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पातळी उतरते आणि खाली जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. एवढ्याशा पार्टपायी चांगले गिअरबॉक्स खोलले जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

चाकांना अडण लावून, ब्रेक दाबून, आयडलवर डीमध्ये हीच नळी काढा आणि तिचं तोंड बंद करा. काटा झटकन वर जायला हवा. जागचा हलला नाही तर मॉड्युलेटर किंवा त्याचा व्हॉल्व्ह अडकलाय. नळी जोडलेली असतानाच प्रेशर चढलेलं असेल आणि गिअर उशिरा, धक्क्याने पडत असतील, तर नळीला चीर शोधा.

गेजचे पैसे वसूल होतात ते यापुढे. सगळ्याच गिअरमध्ये प्रेशर कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर. एकाच गिअरमध्ये प्रेशर उतरत असेल तर त्या क्लचचे सील. प्रेशर पुरेसं असूनही घसरत असेल तर प्लेटा झिजल्यात. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील तर डायरेक्ट क्लच, कारण तो या दोन्हींत लागतो. डीमधला पहिला घसरतो पण लिव्हर पहिल्यावर टाकल्यावर धरतो, तर लो रोलर क्लच (एकाच दिशेने धरणारा क्लच). स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण एक्सलरेटर देऊन बघणं) करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या आत एक्सलरेटर सोडा आणि न्यूट्रलमध्ये थंड होऊ द्या.

गाडी पहिल्यातच अडकून राहते आणि प्रेशर ठीक, अशा वेळी गेजची मदत होत नाही. तिथे गव्हर्नर (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलायला लावणारा पार्ट) बाहेर काढून त्याच्या प्लास्टिक गिअरचे दात बघावे लागतात. गिअरबॉक्सखालचा ऑइल पॅनही उघडून पाहा : तळाशी बारीक राखाडी साय नेहमीची, पिवळे पितळी कण म्हणजे बुश झिजले, काळे तुकडे म्हणजे क्लचचं अस्तर.

तक्रारी दोन. पाच महिन्यांनंतर काटा शून्यावर न येता पाचवर थांबतो, तेवढे वजा करून वाचावं लागतं. शिवाय होजचं रबर साधं आहे. एक्झॉस्ट पाइपला टेकलं की मऊ पडतं, म्हणून दर वेळी तारेने फ्रेमला बांधूनच इंजिन चालू करा.